बेटावरचा समुद्र, आतलं जंगल आणि एक पिवळं कार्ड

मागच्या महिन्यात एक जोडपं दवाखान्यात आलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी त्यांना पनामाची सहल भेट दिली होती. आधी दारिएनच्या जंगलात तीन दिवस पायी भटकंती, मग सान ब्लासच्या बेटांवर आराम. पांढरी वाळू, नारळाची झाडं, कॅरिबियन समुद्राचं हिरवं-निळं पाणी. विमान सहा दिवसांवर आलं होतं आणि आदल्या दिवशी ट्रॅव्हल एजंटने सहज सांगितलं होतं, "अहो, ते यलो फीवरचं कार्ड तेवढं करून घ्या."

बाईंनी मला विचारलं, "डॉक्टर, आम्ही मुख्यतः समुद्रावरच असणार. मग ही लस कशाला? नुसतं कार्ड मिळत नाही का कुठे?"

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. उत्तर देताना मी पनामाचा नकाशा दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेने या देशात पीतज्वराच्या लसीसाठी एक रेषा आखली आहे. पनामा कालव्याच्या पूर्वेकडच्या मुख्य भूमीवर, म्हणजे दारिएनच्या जंगलात किंवा गुना याला प्रदेशाच्या किनारपट्टीवर जाणार असाल, तर लस घ्या असा सल्ला आहे. पनामा सिटी, कालव्याचा परिसर आणि सान ब्लासची बेटं यांच्यासाठी तो सल्ला नाही. बेट आणि समोरची किनारपट्टी यांच्यात होडीचा थोडासाच प्रवास असतो, पण लसीच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रदेश आहेत.

असं का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. कारण दीडशे वर्षांपूर्वी हा नकाशा अगदी उलटा होता. तेव्हा माणसं जंगलापेक्षा बंदराला, समुद्रकिनाऱ्याला घाबरत. आज आपण जिथे सुट्टीला जातो, तिथे उतरण्याआधी लोक मृत्युपत्र करून ठेवत.

आधी आजार समजून घेऊ

पीतज्वर, म्हणजेच यलो फीवर, हा विषाणूमुळे होणारा ताप आहे. डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणू याचेच भाऊबंद. डास चावल्यावर साधारण तीन ते सहा दिवसांत ताप येतो. डोकं दुखतं, कंबर आणि पाठ मोडल्यासारखी होते, मळमळतं, उलट्या होतात. बहुतेक रुग्ण तीन-चार दिवसांत बरे होतात.

पण काही जणांच्या बाबतीत हा आजार फसवतो. ताप उतरतो, रुग्ण उठून बसतो, घरच्यांना हायसं वाटतं. आणि चोवीस तासांच्या आत ताप परत येतो. आता विषाणूने लिव्हर आणि किडनीवर हल्ला केलेला असतो. डोळे आणि कातडी पिवळी पडते, म्हणून नाव पीतज्वर. नाका-तोंडातून रक्त येतं. पोटात साचलेलं रक्त काळ्या उलटीतून बाहेर पडतं. स्पॅनिश लोक या आजाराला 'काळी उलटी' असंच म्हणत. या अवस्थेत गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्ण सात ते दहा दिवसांत दगावतात. विषाणूला थेट मारणारं औषध आजही आपल्याकडे नाही.

पाण्याच्या पिंपातून आलेला पाहुणा

हा आजार मूळचा कॅरिबियनचा नाही. विषाणू आफ्रिकेतला, आणि त्याला पसरवणारा एडिस इजिप्ती डासही आफ्रिकेतलाच. आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच हा डास. गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याची लाकडी पिंपं असत. त्या पिंपांत डासाच्या अळ्या आणि जहाजाच्या तळाशी साखळदंडात बांधलेल्या माणसांच्या रक्तात विषाणू, असे दोघेही अटलांटिक ओलांडून आले. १६४७ साली बार्बाडोस बेटावर पहिली मोठी साथ नोंदली गेली. पुढच्याच वर्षी ती मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर पोचली.

बेटांवर तेव्हा उसाची लागवड वाढत होती. साखर निथळण्यासाठी मातीची भांडी हजारोंनी लागत. हंगाम संपला की ती उघड्यावर पडून राहत आणि पावसाच्या पाण्याने भरत. डासाला आणखी काय हवं? छपरावरची पन्हळ, अंगणातला रांजण, बंदरातली पिंपं, सगळीकडे त्याची सोय होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ती पुढे उपयोगी पडेल. ज्याला पीतज्वर एकदा होऊन गेला, त्याला तो सहसा पुन्हा होत नाही. लहान मुलांना तो बऱ्याचदा सौम्य होतो. त्यामुळे जिथे आजार कायमचा मुक्कामाला होता तिथल्या लोकांना लहानपणीच तो होऊन जाई आणि ते सुरक्षित राहत. मरत ते नव्याने आलेले. १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने हैतीमधला गुलामांचा उठाव मोडायला आपला मेहुणा लक्लेर याला मोठं सैन्य देऊन पाठवलं. त्या सैन्याचा बराच मोठा भाग पीतज्वराने संपला आणि नोव्हेंबर १८०२ मध्ये स्वतः लक्लेरही त्यातच गेला. गुलामगिरीतून सुटलेले हैतीचे लोक हिमतीने लढले, आणि डासांनी त्यांना साथ दिली. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झालं. त्याआधी १८०३ मध्येच फ्रान्सने अमेरिकेतला लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश विकून टाकला होता.

हवानाच्या डॉक्टरचं कुणी ऐकलं नाही

पण हा आजार पसरतो कसा, हे कुणालाच माहीत नव्हतं. घाण हवा, दलदलीची वाफ, रुग्णाचे कपडे, अंथरूण अशा कशाकशावर संशय घेतला जाई. लोक रुग्णाच्या गाद्या जाळत आणि शेजारीच पाण्याचा रांजण उघडा ठेवत.

क्युबामध्ये कार्लोस फिनले नावाचे डॉक्टर होते. १४ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांनी हवानाच्या विज्ञान अकादमीत एक निबंध वाचला. पीतज्वर डासामुळे पसरतो असं ते म्हणाले, आणि नेमका कोणता डास तेही त्यांनी सांगितलं. त्यांचा अंदाज बरोबर होता. तरी जवळजवळ वीस वर्षं त्यांची टिंगल झाली.

याला एक कारण होतं. फिनले यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले, पण ते पटण्यासारखे ठरले नाहीत. रुग्णाला चावलेला डास ते थोड्याच दिवसांत निरोगी माणसाला चावू देत. विषाणूला डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला मात्र साधारण बारा दिवस लागतात. त्याआधी तो डास चावला तरी आजार होत नाही. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात हेन्री कार्टर या डॉक्टरने खेड्यांमधल्या रुग्णांच्या तारखा मांडल्या. पहिला रुग्ण आणि त्याच्या घरातला पुढचा रुग्ण यांच्यात सुमारे दोन आठवड्यांची मोकळी जागा दिसते, असं त्याच्या लक्षात आलं. हाच दुवा फिनले यांच्या हातून सुटला होता.

त्याच सुमाराला, २० ऑगस्ट १८९७ रोजी, आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले होते. डास आजार पसरवू शकतो ही कल्पना आता वेड्याची बडबड राहिली नव्हती.

दोन झोपड्या

१८९८ च्या युद्धानंतर क्युबा अमेरिकी सैन्याच्या ताब्यात आलं आणि सैनिक पीतज्वराने मरू लागले. १९०० साली वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लझीर आणि अरिस्तिदेस अग्रामोंते या चार डॉक्टरांचं पथक हवानात पोचलं. फिनले यांनी जपून ठेवलेली डासांची अंडी त्यांच्या हवाली केली.

ऑगस्टमध्ये कॅरोल यांनी स्वतःला डास चावू दिला. ते मरता मरता वाचले. सप्टेंबरमध्ये लझीर आजारी पडले आणि २५ तारखेला गेले. ते फक्त ३४ वर्षांचे होते.

मग रीड यांनी एका माळावर दोन झोपड्या बांधल्या. एकीत पीतज्वराच्या रुग्णांचे उलटी-रक्ताने माखलेले कपडे आणि चादरी आणून टाकल्या आणि तीन जण तिथे वीस रात्री झोपले. त्यांना नुसता वास सहन करावा लागला, आजार एकालाही झाला नाही. दुसरी झोपडी स्वच्छ होती. मधोमध बारीक जाळी लावून तिचे दोन भाग केले होते. एका भागात रुग्णांना चावलेले डास सोडले आणि जॉन मोरान नावाचा तरुण तिथे जाऊन पडला. जाळीच्या पलीकडे बसलेले लोक तीच हवा श्वासात घेत होते. नाताळच्या दिवशी मोरानला ताप भरला. पलीकडचे ठणठणीत राहिले. कपडे, हवा, वास या सगळ्यांची निर्दोष सुटका झाली आणि गुन्हेगार सापडला.

या प्रयोगांतल्या स्वयंसेवकांकडून लेखी संमती घेतली गेली होती. आज ऑपरेशनपूर्वी तुम्ही ज्या संमतिपत्रावर सही करता, त्याच्या पूर्वजांपैकी हे एक. तरी यात सगळंच गौरवाचं होतं असं नाही. हवानात नुकत्याच उतरलेल्या गरीब स्पॅनिश मजुरांना यासाठी शंभर डॉलर आणि आजार झाला तर आणखी शंभर दिले गेले. आणि १९०१ मध्ये हवानातल्या पुढच्या प्रयोगांत क्लारा मास ही २५ वर्षांची नर्स डास चावून मरण पावली. आपल्याला आज जे सहज माहीत आहे, त्याची किंमत कुणीतरी अशी मोजली आहे.

हवानाचे आरोग्य अधिकारी विल्यम गोर्गास यांनी लगेच काम सुरू केलं. घराघरांतलं साठवलेलं पाणी झाकायचं किंवा ओतायचं, साचलेल्या पाण्यावर तेल टाकायचं, रुग्णाला जाळीत ठेवायचं. १९०१ संपेपर्यंत हवानातून पीतज्वर गेला होता.

मुंग्यांसाठी ठेवलेल्या वाट्या

आता पनामाकडे वळू. सुवेझ कालवा खोदणारे फर्डिनांड द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने १८८१ मध्ये पनामात काम सुरू केलं. फिनले यांनी निबंध वाचला तेच हे वर्ष. त्यांचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, असा विचार मनात येतोच.

फ्रेंचांनी तिथे आन्कोन टेकडीवर सुरेख हॉस्पिटल बांधलं. त्या भागात मुंग्यांचा फार त्रास. आपल्याकडे पूर्वी दूध-दह्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, आठवतं? तिथेही हीच युक्ती केली होती. रुग्णांच्या खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत. बागेतल्या झाडांभोवतीही पाण्याची गोल आळी. खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. मुंग्या थांबल्या, पण प्रत्येक खाटेखाली डासांची पैदास सुरू झाली. दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेला माणूस हॉस्पिटलमध्ये पीतज्वराने मरू लागला. काळजी तर मनापासून घेतली जात होती, फक्त शत्रू कोण हेच माहीत नव्हतं.

कंपनीच्या पनामातल्या कामाचे प्रमुख ज्यूल डिंगलर कुटुंबासह पनामात राहायला आले. काही महिन्यांत त्यांची मुलगी गेली, मग मुलगा, आणि शेवटी पत्नी. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. तोवर २०,००० हून अधिक माणसं मेली असावीत असा अंदाज आहे. पीतज्वर आणि मलेरिया हे यातले सर्वांत मोठे मारेकरी.

१९०४ मध्ये अमेरिकेने काम हातात घेतलं आणि गोर्गास पनामात आले. गंमत बघा, हवानाचा अनुभव ताजा असूनही वरचे अधिकारी म्हणाले, डासांमागे पैसे कशाला घालवायचे? १९०५ च्या उन्हाळ्यात साथ आली. घाबरलेले अमेरिकी कर्मचारी मिळेल त्या बोटीने पळू लागले. तेव्हा नवे मुख्य इंजिनिअर जॉन स्टीव्हन्स यांनी गोर्गास यांना लागेल ते द्या म्हणून सांगितलं. पनामा सिटीतल्या प्रत्येक घरात धुरी दिली गेली. पाण्याचं प्रत्येक पिंप तपासलं गेलं. आणि सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे शहराला नळाचं पाणी मिळालं. नळ आला तसं घरात पाणी साठवायची गरज उरली नाही. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी पनामा सिटीत पीतज्वराचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा सुरू झाला.

ही विजयाची गोष्ट बहुतेक पुस्तकांत इथेच संपते. आपण तिथे थांबायला नको. अमेरिकी काळातही ५,६०९ माणसं आजारांनी आणि अपघातांनी गेली. त्यांतले सुमारे ४,५०० बार्बाडोस आणि इतर बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय कामगार होते. 'या लोकांना पीतज्वर होत नाही' असं तेव्हा मानलं जाई. लहानपणी आजार होऊन गेलेल्यांपुरतं ते खरंही होतं. पण न्यूमोनियापासून त्यांना कोणतं संरक्षण होतं? गोऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरांना जाळ्या लागल्या, हे कामगार मात्र दाटीवाटीच्या बराकींत ओल्या कपड्यांनी झोपत. एका आजाराविरुद्ध प्रतिकारशक्ती असली म्हणजे माणूस सगळ्यांतून सुटला असं नसतं.

डास झाडाच्या शेंड्यावर

किनारा सुरक्षित झाला. पुढच्या काही दशकांत अमेरिका खंडातल्या एकेका बंदरातून पीतज्वर हद्दपार झाला. आता तो जगातूनच नाहीसा होणार, असं लोकांना वाटू लागलं.

१९३२ मध्ये ब्राझीलमधल्या एका खेडूत भागात फ्रेड सोपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पीतज्वराचे रुग्ण सापडले, पण एडिस इजिप्ती डास मात्र औषधालाही सापडेना. मग आजार आला कुठून? उत्तर जंगलात होतं. विषाणू तिथे माकडांमध्ये फिरत होता. त्याला एका माकडातून दुसऱ्यात नेणारे डास वेगळे होते, उंच झाडांच्या शेंड्यांवर राहणारे. माणूस जंगलात गेला, झाड तोडलं, की शेंड्यावरचे डास खाली येऊन त्याला चावत. म्हणजे आपण शहरातली आग विझवली होती, जंगलातला निखारा तसाच होता. शहरात डास मारता येतात. हजारो चौरस किलोमीटरच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवर कोण फवारणी करणार?

पनामाला याचा अनुभव १९४८ मध्ये आला. चाळीसेक वर्षं शांत असलेल्या या देशात, राजधानीच्या पूर्वेला पाकोरा भागात, जंगलाशी संबंध आलेले काही जण पीतज्वराने दगावले. त्यानंतर विषाणू माकडांमधून उत्तरेकडे सरकत गेला. कोस्टारिका, निकाराग्वा, होंडुरास करत काही वर्षांत ग्वाटेमालापर्यंत पोचला. त्याच्या वाटेवर हाऊलर माकडं मरून पडत होती. ही माकडं पहाटे एवढ्या मोठ्याने ओरडतात की आवाज काही किलोमीटरवर जातो. जंगलातला तो आवाज अचानक बंद झाला, तर आरोग्य खात्याने सावध व्हायचं, हे तिथले लोक शिकले.

म्हणून आजची रेषा बेट आणि जंगल यांच्यामधून जाते. बेटावर विषाणूला जगवणारं माकडांचं जंगल नाही. समोरच्या किनारपट्टीवर आहे. पण सान ब्लासला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पनामा सिटीहून बेटांकडे जाणारा जीपचा रस्ता याच जंगलातून जातो.

एका माणसाच्या रक्तातून आलेली लस

जंगलातला विषाणू संपवता येत नसेल, तर जंगलात जाणाऱ्याला सुरक्षित करायला हवं. १९२७ मध्ये आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा करण्यात आला. तो वाढवला गेला आशियातल्या ऱ्हीसस माकडांमध्ये, आपल्या उत्तर भारतात दिसतात त्याच लाल तोंडाच्या माकडांमध्ये. आफ्रिकेतल्या माकडांना हा विषाणू ओळखीचा असल्याने ती फारशी आजारी पडत नाहीत. आपल्या माकडांना तो पूर्ण नवा होता. असिबी बरा झाला, पण हे काम करणारे डॉक्टर एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने गेले.

मॅक्स थायलर यांनी असिबीच्या विषाणूला कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून दुबळं केलं. १९३७ मध्ये १७-डी ही लस तयार झाली. १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल मिळालं. आज तुम्हाला दंडावर टोचतात ती लस याच विषाणूच्या वंशातली आहे.

मग भारत एवढा काटेकोर का?

आपल्याकडे पीतज्वर कधीच रुजला नाही. पण त्याला लागणारं बाकी सगळं आहे. एडिस डास घराघरांत आहे, माकडं आहेत, जंगलं आहेत, आणि आपल्यापैकी जवळजवळ कुणालाच या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. हैतीत उतरलेल्या फ्रेंच सैन्यासारखी आपली अवस्था आहे.

१९५७ मध्ये ही भीती खरी ठरते की काय असं वाटलं होतं. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडं मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या एनआयव्हीतले, शास्त्रज्ञ धावले. पीतज्वर भारतात आला का, हा पहिला संशय होता. तपासणीत गोचिडीमुळे पसरणारा नवाच विषाणू निघाला. तोच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी भागात अलीकडे ज्याचे रुग्ण सापडले तो माकडताप. संशय खोटा ठरला, पण सावधपणा योग्यच होता.

आणि धोका इतिहासजमा झालेला नाही. २०१६ मध्ये अंगोलातल्या साथीतून ११ रुग्ण चीनमध्ये पोचले. २०१८ च्या सुरुवातीला ब्राझीलहून परतलेल्या दहा परदेशी पर्यटकांना पीतज्वर झाला. त्यांतले बहुतेक इल्या ग्रांदे या बेटावर गेले होते, जिथे सुंदर किनारे आहेत आणि त्यांना लागूनच दाट जंगल. दहापैकी एकानेही लस घेतली नव्हती. चौघे गेले. म्हणजे नुसत्या 'बेट' या शब्दावर विसंबू नका. त्या बेटावर जंगल आणि माकडं आहेत का, ते बघा. कॅरिबियनमध्येच त्रिनिदादच्या जंगलांमध्ये हाऊलर माकडं आहेत आणि तिथेही विषाणू वेळोवेळी डोकं वर काढतो.

तुम्ही काय करायचं?

• लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. कार्ड दहाव्या दिवसापासून वैध होतं, कारण शरीराला तेवढा वेळ लागतो. महिनाभर आधी घेतली तर उत्तम.

• लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. वार ठरलेले असतात, आधी नाव नोंदवावं लागतं. पासपोर्ट सोबत न्या.

• एक डोस आयुष्यभर पुरतो. ११ जुलै २०१६ पासून जुनी कार्डंही आयुष्यभरासाठी वैध आहेत. जुनं कार्ड फेकू नका.

• ही जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालचं बाळ, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, ६० वर्षांवरची व्यक्ती, अंड्याची तीव्र ॲलर्जी, कॅन्सरचे उपचार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, एचआयव्ही, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. काहींना लस देताच येत नाही. त्यांनी जंगलाचा बेत बदलणंच शहाणपणाचं.

• पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून भारतात परतताना कार्ड मागितलं जातं. तुम्ही फक्त समुद्रकिनाऱ्यावर होतात, हे तिथे चालत नाही. अशा देशात नुसतं विमान बदललं तरी नियम लागू होऊ शकतो. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. देशांची यादी बदलत असते, तिकीट काढण्याआधी तपासा.

• लस घेतली तरी पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायचं डास-प्रतिबंधक मलम आणि मच्छरदाणी हवीच. त्याच जंगलात मलेरिया आहे, बेटावर डेंग्यू असू शकतो. त्यांना ही लस रोखत नाही.

• परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना प्रवास कुठे कुठे झाला ते न विचारता सांगा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

आणि नुसतं कार्ड? पैसे देऊन शिक्का मिळवणारे लोक मला माहीत आहेत. विमानतळावरचा अधिकारी कदाचित फसेल. झाडाच्या शेंड्यावरून उतरलेला डास कार्ड बघत नाही.

त्या जोडप्याची गोष्ट सांगायची राहिली. दोघेही पन्नाशीतले, तब्येतीने ठीक. दोन दिवसांनी त्यांना लस मिळाली, म्हणजे विमानाच्या चार दिवस आधी. मग आम्ही तिघांनी मिळून सहलीचा कागद उलटा केला. आधी पनामा सिटी, कालवा आणि विश्रांती, दहा दिवस उलटल्यावर सान ब्लास आणि दारिएन शेवटी. एजंटने थोडी कुरकुर केली, पण बदल करून दिला.

परत आल्यावर ते पेढे घेऊन आले. काकांनी मोबाइलवर जंगलातली एक पहाट ऐकवली. अंधार, पानांवरचं पाणी आणि दूरवर हाऊलर माकडांचा तो घोगरा, मोठा आवाज. त्यांना वाटत होतं मी घाबरेन. मी म्हटलं, हा आवाज येतोय ना, म्हणजे सध्या तरी तिथे सगळं ठीक असावं.

प्रवासाला जरूर जा. फक्त आम्हाला सहा दिवस आधी नको, सहा आठवडे आधी भेटा. काळजी घ्या.